मुंबईतील पुतळे व स्मारके

मुंबई शहरातील चौक, उद्याने, सभागृहे आणि समुद्रकिनारे या ठिकाणी ऐतिहासिक व्यक्तींच्या व घटनांच्या स्मरणार्थ उभारलेली शिल्पे व वास्तू. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून आजतागायत ही परंपरा अखंड चालू असली, तरी तिच्यातील सातत्य केवळ प्रथेचे आहे. पुतळा कोणाचा, तो कोणाच्या पैशाने, कोणी घडविला आणि कोठे उभा राहिला, या चारही बाबतींत दोनशे वर्षांत मूलगामी बदल झालेला दिसतो. या दृष्टीने मुंबईचे पुतळे हा शहराच्या राजकीय इतिहासाचा एक स्वतंत्र साधनसंग्रह ठरतो, आणि चौथऱ्यावरून खाली उतरविलेले पुतळे त्यात उभ्या असलेल्या पुतळ्यांइतकेच महत्त्वाचे आहेत.

व्यक्तीची हुबेहूब प्रतिमा करून ती रस्त्यात उभी करण्याची चाल मूळची आपल्याकडील नव्हे. मृताच्या स्मरणार्थ समाधी, छत्री, वृंदावन किंवा वीरगळ उभारण्याची पद्धत महाराष्ट्रात रूढ होती. मुंबई महानगराच्या आजच्या हद्दीतील अशा स्मारकांपैकी सर्वांत उल्लेखनीय म्हणजे बोरिवलीजवळील एकसर येथील वीरगळ. त्यांवर नौकायुद्धाची दृश्ये कोरलेली असून शिलाहार राजा सोमेश्वर व देवगिरीचा महादेव यादव यांच्यातील तेराव्या शतकातील संघर्षाशी काही अभ्यासकांनी त्यांचा संबंध जोडला आहे. वीरगळावर योद्ध्याची आकृती असते. पण ते त्याचे व्यक्तिचित्र नसते. नाव विसरले जाते, दगड राहतो आणि गावकरी त्याला शेंदूर लावतात. ही मनोवृत्ती लक्षात घेतली, म्हणजे मुंबईतील पहिल्या इंग्रजी पुतळ्यांचे पुढे जे झाले, त्याचे आश्चर्य वाटत नाही.

लॉर्ड कॉर्नवॉलिस (१७३८–१८०५) हा गव्हर्नर जनरल दुसऱ्यांदा हिंदुस्थानात आल्यावर काही महिन्यांतच गाझीपूर येथे मरण पावला. टिपू सुलतानाविरुद्धच्या १७९०–९२ च्या युद्धात मराठ्यांचे सैन्य हरिपंत फडके यांच्या नेतृत्वाखाली त्याच्या बाजूने लढले होते. त्याचा जॉन बेकन (धाकटा) याने घडविलेला संगमरवरी पुतळा मुंबईच्या किल्ल्यातील हिरवळीवर छत्राखाली बसविण्यात आला. थोड्याच काळात लोक त्याला फुले वाहू लागले, नारळ ठेवू लागले व त्या जागेला ‘छोटे देवळ’ म्हणू लागले. ही पूजा थांबविण्याचे सरकारी प्रयत्न फारसे सफल झाले नाहीत. परकीय निरीक्षकांनी ही हकीकत एतद्देशीयांच्या भोळेपणाचा मासला म्हणून नोंदविली आहे. परंतु उंच चौथरा, वर छत्र, पांढऱ्या दगडाची मूर्ती आणि भोवती मोकळी जागा, एवढे पाहिल्यावर येथील माणसाने ते देवस्थान मानावे यात त्याची चूक कोणती, असा प्रश्न विचारणे अधिक सयुक्तिक होय. बेकननेच केलेला मार्क्विस वेलस्ली (१७६०–१८४२) याचा पुतळाही याच काळातील आहे. वसईच्या तहाने (१८०२) पेशव्यांना तैनाती फौजेच्या पाशात अडकविणारा हा गव्हर्नर जनरल. त्याच्या स्मारकास मुंबईच्या व्यापारी वर्गाने पैसा पुरवावा, हे त्या वर्गाच्या तत्कालीन हितसंबंधांशी सुसंगतच होते.

१८३३ मध्ये टाउन हॉलची इमारत पूर्ण झाली आणि पुतळ्यांना छप्पर मिळाले. कर्नल टॉमस कूपर याने बांधलेल्या या भव्य वास्तूत आज एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे. तेथील पुतळ्यांत मौंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन (१७७९–१८५९), सर जॉन माल्कम (१७६९–१८३३) व सर चार्ल्स फोर्ब्स यांचे सर फ्रान्सिस चँट्री याने केलेले पुतळे शिल्प म्हणून सर्वांत सरस आहेत. एल्फिन्स्टन १८११ पासून पुण्यात रेसिडेंट होता. खडकीच्या लढाईच्या (१८१७) वेळी पेशवाईच्या अखेरची सूत्रे त्याच्याच हाती होती. १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने शरणागती पतकरली ती माल्कमपुढे. हे दोघे लागोपाठ मुंबईचे गव्हर्नर झाले आणि दोघांनाही अभ्यासू, उदार राज्यकर्ते असा लौकिक मिळाला. पेशवाईचा शेवट करणारे हे दोन पुरुष ज्या सभागृहात उभे आहेत, तेथेच जगन्नाथ शंकरशेट यांचाही पुतळा आहे, ही गोष्ट अभ्यासकाने मुद्दाम लक्षात घ्यावयास हवी.

जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट (१८०३–६५) हे मुंबईच्या सार्वजनिक जीवनाचे आद्य शिल्पकार होत. एल्फिन्स्टनच्या प्रेरणेने सुरू झालेल्या शिक्षणसंस्थांचे ते आधारस्तंभ होते. मुलींच्या शाळेला त्यांनी आपल्या वाड्यात जागा दिली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या उभारणीत त्यांचा वाटा होता आणि १८५२ मध्ये स्थापन झालेल्या बाँबे असोसिएशनचे ते प्रमुख संस्थापक होते. १८५७ च्या उठावाच्या वेळी त्यांच्यावरही संशय घेण्यात आला व चौकशीअंती तो निराधार ठरला. मॅथ्यू नोबल याने केलेल्या त्यांच्या संगमरवरी पुतळ्यात पगडी, अंगरखा व उपरणे हा मराठी वेष इंग्रज शिल्पकाराने बऱ्याच आस्थेने हाताळला आहे. हा सन्मान त्यांना सरकारनिष्ठेमुळे मिळाला, असे म्हणणे अपुरे आहे. इंग्रजी राज्याच्या चौकटीत राहून त्या राज्याकडे हक्क मागण्याची रीत त्यांनी घालून दिली आणि पुढे दादाभाई, फिरोजशहा व रानडे त्याच वाटेने गेले.

सर जमशेटजी जिजीभाई (१७८३–१८५९) यांचा मारोकेटी या शिल्पकाराने केलेला पुतळाही टाउन हॉलमध्ये आहे. चीनबरोबरच्या व्यापारात, म्हणजे मुख्यतः अफू व कापूस यांत, त्यांनी अफाट संपत्ती मिळविली व तितक्याच सढळपणे ती वाटली. १८४२ मध्ये नाइट आणि १८५७ मध्ये बॅरोनेट हे किताब मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. त्यांचे रुग्णालय व त्यांच्या पत्नी अवाबाई यांच्या देणगीतून झालेला माहीम–वांद्रे पूल ही दोन्ही कामे १८४५ मधील होत. या पुलावर जकात घेऊ नये, अशी अट घालूनच ही देणगी देण्यात आली होती. पुतळ्यांच्या इतिहासाच्या दृष्टीने मात्र त्यांची सर्वांत महत्त्वाची देणगी म्हणजे १८५७ मध्ये सुरू झालेले कलाविद्यालय. जमशेटजींचा स्वतःचा पुतळा यूरोपातून घडवून आणावा लागला. कारण तो घडवील असा कारागीर मुंबईत नव्हता. त्यांच्या नावाच्या विद्यालयातून पुढे अर्ध्या शतकाच्या आत असे कारागीर बाहेर पडले.

१८६० नंतरचे दशक हे मुंबईच्या बाह्यरूपात क्रांती घडविणारे ठरले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव भडकले, गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर याने किल्ल्याचे तट पाडविले आणि नव्या रुंद रस्त्यांच्या संगमांवर स्मारकांसाठी जागा निर्माण झाल्या. १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी शहरात आल्याने कारंजी आणि पाणपोया हा स्मारकांचा एक नवा प्रकार शक्य झाला. पूर्वीच्या चर्चगेटच्या जागी १८६४ मध्ये उभारलेले फ्लोरा फाउंटन हे त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. रिचर्ड नॉर्मन शॉ याच्या आराखड्यावरून जेम्स फॉर्सिथ याने घडविलेले हे पोर्टलंड दगडाचे कारंजे मूळचे भायखळ्याच्या राणीच्या बागेसाठी योजिलेले होते. त्यावरील रोमन पुष्पदेवतेचा मुंबईच्या इतिहासाशी काहीही संबंध नाही, आणि कदाचित त्यामुळेच ती पुढील सर्व उलथापालथींतून सहीसलामत राहिली. २०१९ मध्ये तिचे जतनकार्य पूर्ण झाले. ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या १८०१ व १८०४ मधील मुंबईभेटींची आठवण म्हणून १८६५ मध्ये बांधलेले कारंजे आजच्या श्यामाप्रसाद मुखर्जी चौकात आहे.

या सरकारी स्मारकांपेक्षा व्यापारी वस्तीतील पाणपोया अधिक जिव्हाळ्याच्या वाटतात. मशीद बंदराजवळील केशवजी नाईक यांची पाणपोई व घड्याळाचा मनोरा १८७६ मधील आहे. टांकसाळीजवळच्या रस्त्यावर रतनसी मुळजी या व्यापाऱ्याने लहान वयात वारलेल्या आपल्या धरमसी या एकुलत्या एका मुलाच्या स्मरणार्थ कारंजे बांधले. त्याच्या शिखरावर हाती पुस्तक घेतलेल्या मुलाची मूर्ती आहे. या मुलाने कोणताही पराक्रम केला नव्हता. मुंबईच्या हमरस्त्यावरील स्मारकांत केवळ पित्याच्या शोकातून उभे राहिलेले आणि तरीही वाटसरू, हमाल व बैल यांची तहान भागविण्याच्या कामी आलेले असे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

राजनिष्ठेचे दोन सर्वांत डौलदार पुतळे याच कालखंडातील आहेत. महाराणी व्हिक्टोरियाचा सिंहासनाधिष्ठित पुतळा बडोद्याचे खंडेराव गायकवाड यांनी दिला. मॅथ्यू नोबल याने तो घडविला व १८७२ मध्ये लॉर्ड नॉर्थब्रुक याच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. वरील गॉथिक धर्तीची नक्षीदार संगमरवरी मेघडंबरी हे त्याचे खास वैशिष्ट्य होते. १८९६ च्या ऑक्टोबरात एके सकाळी राणीच्या मुखावर डांबर फासलेले व गळ्यात जोड्यांची माळ घातलेली आढळली. हे कृत्य कोणाचे, याचा छडा पोलिसांना लागला नाही. २२ जून १८९७ रोजी पुण्यात रँडवर गोळ्या झाडणारे दामोदर हरी चापेकर यांनी पकडले गेल्यावर लिहिलेल्या आत्मवृत्तात ते आपण केल्याचे सांगितले. संगमरवरात मुरलेले डांबर काही केल्या निघेना. अखेर रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांनी ते डाग काढले आणि त्यामुळे त्यांचा मोठा बोलबाला झाला. एका हिंदी राजाने दिलेला पुतळा एका हिंदी तरुणाने विटाळला आणि दुसऱ्या हिंदी विद्वानाने तो स्वच्छ केला. त्या काळच्या हिंदी समाजाचे तीन वेगवेगळे मार्ग या एका दगडावर एकत्र आलेले दिसतात. चापेकरांना १८ एप्रिल १८९८ रोजी फाशी देण्यात आले.

दुसरा पुतळा म्हणजे ‘काळा घोडा’. प्रिन्स ऑफ वेल्स (पुढे सातवा एडवर्ड) याच्या १८७५–७६ मधील हिंदुस्थान-भेटीच्या स्मरणार्थ बगदादी ज्यू घराण्यातील सर अल्बर्ट ससून यांनी जोसेफ एड्गर बोहेम याच्याकडून तो करवून घेतला. १८७९ मध्ये त्याचे अनावरण झाले. कागदोपत्री हा पुतळा राजपुत्राचा. परंतु मुंबईकरांनी स्वाराकडे दुर्लक्ष करून घोड्याचे नाव चौकाला दिले आणि स्वार गेल्यानंतरही ते टिकले. लोकांच्या बोलीने राजसत्तेच्या स्मारकावर केलेले हे भाष्य कोणत्याही अग्रलेखाहून कमी नाही.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी चौथऱ्यावरील मंडळी बदलू लागली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे (१८४२–१९०१), गोपाळ कृष्ण गोखले (१८६६–१९१५), सर फिरोजशहा मेहता (१८४५–१९१५) व दादाभाई नवरोजी (१८२५–१९१७) हे सार्वजनिक वर्गणीने उभारलेल्या पुतळ्यांचे नायक झाले. फिरोजशहांचा पुतळा महानगरपालिकेच्या इमारतीसमोर आहे. त्याचे शिल्पकार डर्वेंट वुड. मुंबईच्या नगरपालिका कायद्याशी व कारभाराशी त्यांचे नाव इतके निगडित आहे, की याहून उचित जागा दुसरी सुचणे कठीण. दादाभाईंचा बसलेला पुतळा फ्लोरा फाउंटनजवळ असून तो बाळाजी वसंत तालीम (१८८८–१९७०) यांनी घडविला. मांडीवर हात, अंगात पारशी डगला व मुद्रेवर शांत, किंचित थकलेला भाव असलेला हा वृद्ध पुरुष ब्रिटिश पार्लमेंटमध्ये निवडून गेलेला (१८९२) व हिंदुस्थानातून वाहून जाणाऱ्या संपत्तीचा हिशेब आकड्यांनिशी मांडणारा आहे. तालिमांच्या कामात दिखाऊपणा नाही. शिर्डी येथील साईबाबांची मूर्तीही (१९५४) त्यांचीच, हे सांगितल्यावर त्यांच्या व्यक्तिचित्रणाची जात ध्यानात येते.

रानडे यांच्या पुतळ्याचे शिल्पकार गणपतराव काशिनाथ म्हात्रे (१८७९–१९४७) होत. जे. जे. कलाविद्यालयात विद्यार्थी असताना १८९६ मध्ये त्यांनी केलेल्या ‘मंदिरपथगामिनी’ या शिल्पाने हिंदी शिल्पकलेकडे पाहण्याची दृष्टीच पालटली. यूरोपीय धर्तीच्या वास्तवदर्शी शिल्पकलेवर हिंदी माणूस प्रभुत्व मिळवू शकतो, हे त्यामुळे सिद्ध झाले. त्यानंतर पुतळ्याची मागणी थेट विलायतेला पाठविण्याची गरज उरली नाही. म्हात्रे यांनी रानड्यांचा पुतळा केला, तसाच पंचम जॉर्जचाही केला. यात विसंगती शोधण्याचे कारण नाही. शिल्पकाराचे पोट मागणीवर अवलंबून असते व त्या काळी मोठ्या कामाच्या मागण्या देणारे दोनच पक्ष होते : राज्यकर्ते आणि त्यांच्याकडे हक्क मागणारे पुढारी. विनायक पांडुरंग करमरकर यांनी पुण्यासाठी केलेला शिवछत्रपतींचा भव्य अश्वारूढ पुतळा (१९२८) मुंबईत माझगाव येथे ओतला गेला व रेल्वेने पुण्याला नेण्यात आला. एवढे मोठे ओतकाम तोवर परदेशाखेरीज होत नसे. त्यामुळे त्याच्या यशाचा वाटा माझगावच्या कामगारांनाही द्यावा लागेल.

१ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळक (१८५६–१९२०) यांचे सरदारगृहात निधन झाले. त्यांचे दहन स्मशानात न होता गिरगाव चौपाटीच्या वाळूवर झाले. जागेची ही निवड जनसमुदायाच्या रेट्यामुळे झाली होती. १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाल्यावर गिरणी कामगारांनी सहा दिवस हरताळ पाळला होता आणि अंत्ययात्रेतील गर्दीत हा कामगार वर्ग मोठ्या संख्येने होता. चौपाटीवरील टिळकांचा उभा पुतळा रघुनाथ कृष्ण फडके यांनी घडविला. मुंबईच्या पुतळ्यांत येथे प्रथमच स्मारकाची जागा सरकारी नकाशावरून न ठरता दहनाच्या प्रत्यक्ष स्थळावरून ठरली. मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल (१८७३–१९३३) यांचा पुतळाही पुढे याच किनाऱ्यावर उभा राहिला.

साम्राज्याचे शेवटचे मोठे स्मारक म्हणजे गेटवे ऑफ इंडिया. पंचम जॉर्ज व राणी मेरी हे १९११ च्या डिसेंबरात अपोलो बंदरावर उतरले, त्याची ही खूण. पायाचा दगड १९१३ मध्ये बसला. जॉर्ज विटेटच्या आराखड्यानुसार पिवळसर बेसाल्ट दगडातील ही कमान १९२४ मध्ये पूर्ण झाली व ४ डिसेंबर १९२४ रोजी लॉर्ड रीडिंग याने तिचे उद्‌घाटन केले. अवघ्या तेवीस वर्षांनी, २८ फेब्रुवारी १९४८ रोजी, ब्रिटिश सैन्याची अखेरची तुकडी याच कमानीखालून निघून गेली. त्यामुळे प्रवेशद्वार म्हणून बांधलेली ही वास्तू इतिहासात निर्गमनद्वार म्हणून अधिक स्मरणात राहिली आहे. तिच्यासमोर, जेथे पूर्वी पंचम जॉर्जचा पुतळा होता, तेथे सदाशिव साठे यांनी घडविलेला छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा २६ जानेवारी १९६१ रोजी यशवंतराव चव्हाण यांच्या हस्ते बसविण्यात आला. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यानंतरचा हा पहिला प्रजासत्ताक दिन होता. जवळच असलेला स्वामी विवेकानंदांचा पुतळा ३१ मे १८९३ रोजी त्यांनी मुंबईहून अमेरिकेकडे केलेल्या प्रस्थानाची आठवण देतो.

हे राज्य मिळविण्यासाठी ज्यांनी प्राण दिले त्यांचे स्मारक फ्लोरा फाउंटनच्या शेजारी आहे. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी या परिसरात मोर्चावर गोळीबार झाला. त्यात व पुढील काही महिन्यांच्या आंदोलनात बळी पडलेल्यांची संख्या १०६ मानली जाते. मशाल उंच धरलेले शेतकरी व कामगार हे या हुतात्मा स्मारकाचे शिल्प. त्यांच्या चेहऱ्यांना नावे नाहीत. नावे खालील शिलाफलकावर आहेत आणि त्यांत गिरणगावातील साध्या माणसांचा भरणा आहे. एकसरच्या वीरगळापासून सुरू झालेली अनामिक वीराची परंपरा या चौकात पुन्हा प्रकटली, असे म्हणावयास हरकत नाही. कामगाराला स्वतःच्या नावाने जागा मिळाल्याची उदाहरणे मात्र थोडी. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवी भागात परदेशी कापडाचा ट्रक अडविताना चिरडले गेलेले बाबू गेनू हे त्यांपैकी एक. तेथील रस्त्याला त्यांचे नाव आहे.

स्वातंत्र्यानंतर इंग्रज राज्यकर्त्यांच्या पुतळ्यांचे काय करावयाचे, हा प्रश्न जवळजवळ दोन दशके लोंबकळत राहिला. १९६५ मध्ये ते हलविण्यात आले. व्हिक्टोरिया, कॉर्नवॉलिस, वेलस्ली, सँडहर्स्ट, माँटेग्यू इत्यादींना भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाच्या आवारात जागा मिळाली व काळा घोडा शेजारच्या जिजामाता उद्यानात गेला. काहींची शिरे, हात वा नाके त्यापूर्वी अथवा त्यानंतर तुटली. १८७२ मध्ये खुले झालेले हे व्हिक्टोरिया व अल्बर्ट संग्रहालय १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते. पुराभिलेखविद्येचे थोर अभ्यासक व निष्णात वैद्य असलेल्या भाऊ दाजींनी या संग्रहालयाच्या स्थापनेसाठी परिश्रम घेतले होते. सार्वजनिक सन्मानाच्या जागेवरून परकीय सत्ताधीशांना हटविणे हा स्वतंत्र राष्ट्राचा निःसंशय अधिकार होय. त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. पण हलविणे आणि उघड्यावर टाकून देणे यांत भेद आहे. नोबल, बेकन व बोहेम यांच्या कृती दीर्घकाळ पावसात उभ्या राहिल्या. त्यांच्या सोबत दाता, शिल्पकार व मूळ जागा सांगणारे सविस्तर फलक असते, तर शालेय विद्यार्थ्यांना वसाहतवादाचा इतिहास शिकविण्यास याहून चांगले साधन मिळाले नसते. टाउन हॉलमधील पुतळे केवळ छपराखाली असल्यामुळे या स्थलांतरातून वाचले आणि म्हणून एल्फिन्स्टन व नाना शंकरशेट यांची सोबत अद्याप तुटलेली नाही. २०१७ मध्ये काळा घोडा चौकात नवा घोडा बसविण्यात आला. त्यावर स्वार नाही. लोकांनी दीड शतकापूर्वी दिलेल्या निकालावर अशा रीतीने शिक्कामोर्तब झाले.

विसरलेल्यांना परत आणण्याचेही काही प्रयत्न झाले आहेत. १८५७ मध्ये सोनापूर भागातील गंगाप्रसाद याच्या घरी चाललेली खलबते पोलीस अधिकारी चार्ल्स फोर्जेट याने लपून ऐकली व १५ ऑक्टोबर रोजी सय्यद हुसेन व मंगल गाडिया या दोघा सैनिकांना एस्प्लनेड मैदानावर तोफेच्या तोंडी देण्यात आले. त्यांच्या स्मरणार्थ आझाद मैदानाजवळ उभारलेले स्मारक हे शंभरांहून अधिक वर्षांनंतरचे आहे. याउलट, पहिल्या अफगाण युद्धात पडलेल्या कंपनीच्या सैनिकांसाठी कुलाब्याचे अफगाण चर्च १८५८ मध्येच सिद्ध झाले होते. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी ‘तलवार’ या नाविक केंद्रातून सुरू झालेल्या नौसैनिकांच्या उठावाचे स्मारक कुलाबा भागात २००१ मध्ये झाले, म्हणजे उठावानंतर पंचावन्न वर्षांनी.

दादर येथील चैत्यभूमीचे स्थान या सर्वांहून वेगळे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर (१८९१–१९५६) यांचे दिल्लीत ६ डिसेंबर १९५६ रोजी महापरिनिर्वाण झाले व दुसऱ्या दिवशी दादर चौपाटीवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. तेथील स्तूपाचे उद्‌घाटन मीराताई आंबेडकर यांच्या हस्ते ५ डिसेंबर १९७१ रोजी झाले. वास्तू लहान आहे. राजमार्गावर नाही, मोठ्या चौकात नाही आणि शिल्पकाराच्या कीर्तीचा तिला आधार नाही. तथापि दर वर्षी ६ डिसेंबरला महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून व राज्याबाहेरूनही लक्षावधी लोक तेथे येतात, शिवाजी उद्यानाच्या मैदानावर मुक्काम करतात आणि परतताना पुस्तके विकत घेऊन जातात. अनावरणानंतर बहुतेक पुतळ्यांच्या वाट्याला वर्षातून एक हार व एरवी कबुतरे येतात. चैत्यभूमीचे स्मारकत्व मात्र दगडात नसून तेथे येणाऱ्या माणसांत आहे. जवळच्या इंदू मिलच्या जागेवरील नियोजित भव्य स्मारकाचे भूमिपूजन २०१५ मध्ये झाले. अरबी समुद्रातील शिवस्मारकाचे जलपूजन २४ डिसेंबर २०१६ रोजी झाले. पुढे न्यायालयीन प्रक्रियेमुळे २०१९ मध्ये ते काम थांबले. अलीकडच्या योजनांत उंचीच्या आकड्यांना आलेले महत्त्व पाहता चँट्री, म्हात्रे किंवा तालीम यांच्या मनुष्यप्रमाणातील कामाकडे पुन्हा वळून पाहणे उपयुक्त ठरेल.

स्त्रियांची स्मारके मुंबईत फार तुरळक आहेत. दीर्घकाळ मध्यवर्ती चौकात प्रतिमारूपाने होत्या त्या दोघीच : एक इंग्लंडची राणी आणि दुसरी रोमची देवता. विद्यापीठाच्या मनोऱ्याला (१८७८) प्रेमचंद रायचंद यांच्या मातोश्री राजाबाई यांचे नाव आहे, माहीमच्या रस्त्याला अवाबाईंची ‘लेडी जमशेटजी’ ही उपाधी आहे आणि राणीच्या बागेला वीरमाता जिजाबाईंचे नाव मिळाले. या तिघींची ओळख माता किंवा पत्नी या नात्याने सांगितली जाते.

मुंबईच्या नव्या पुतळ्यांपैकी एक गिरगाव चौपाटीनजीक, टिळकांच्या पुतळ्यापासून फार दूर नाही. तो पोलीस दलातील तुकाराम ओंबळे यांचा आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहशतवादी अजमल कसाबच्या बंदुकीची नळी त्यांनी रिकाम्या हातांनी धरून ठेवली व गोळ्या अंगावर घेतल्या. त्यामुळे कसाब जिवंत हाती लागला. २००९ मध्ये त्यांना मरणोत्तर अशोक चक्र देण्यात आले. सातारा जिल्ह्यातील केडंबे हे त्यांचे मूळ गाव.